हिमगौरीचे तिसरे मरण

वॉल्ट डिस्नेचा 'स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वॉर्फ्स' आम्ही प्रथम पाहिला तो बऱ्याच उशिरा, ग्रिम बंधूंची मूळ कथा वाचून झाल्यावर. 'हिमगौरी आणि सात बुटके' लहानपणापासूनच पाठ असल्याने कथानकाकडून फारशी अपेक्षा नव्हती. गाणी झाली, बुटक्यांच्या गमती झाल्या (जेवणाआधीचे हातपाय धुण्याचे प्रकरण अंमळ लांबलेच), आणि मग निश्चल हिमगौरीभोवती गुडघे टेकलेले बुटके दिसले. तेथे मात्र आम्ही सावरून बसलो.

२१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजेलिसच्या कार्थे सर्कल थिएटरात हा चित्रपट प्रथम दाखवला गेला, तेव्हा याच प्रसंगी प्रेक्षक रडले, असे डिस्नेचे चित्रकार वॉर्ड किम्बल यांनी पुढे सांगितले आहे. त्या रडण्याचे मोल कळण्यासाठी तत्कालीन व्यंगपट आठवावा लागतो. मुख्य चित्रपटाआधीची ती सात-आठ मिनिटांची करमणूक. त्यातले पात्र कड्यावरून पडे, चपटे होई आणि पुन्हा उठून पळू लागे. मरण त्या जगाच्या व्याकरणातच नव्हते. ८३ मिनिटांच्या, सुमारे १५ लाख डॉलर खर्चाच्या या उद्योगाला हॉलिवुडने 'डिस्नेचा मूर्खपणा' म्हटले ते केवळ पैशांपोटी नसावे. कागदावरच्या रेषेसाठी कोण शोक करील, ही शंका त्यामागे असावी.

या शंकेचे उत्तर तंत्रात आहे, तसेच कथेच्या कापणीतही आहे. ग्रिमच्या कथेत राणी तीनदा येते: नाडीने आवळते, विषारी फणी खोवते, शेवटी सफरचंद देते. पहिल्या दोन वेळा बुटके नाडी कापून, फणी काढून मुलीला शुद्धीवर आणतात. लोककथेच्या तिहेरी आवर्तनाला हे शोभते, परंतु दोनदा उठलेल्या मुलीच्या तिसऱ्या मरणाने वाचक हादरत नाही. तो पुढच्या उपायाची वाट पाहतो. डिस्नेने नाडी आणि फणी गाळली, सफरचंद तेवढे ठेवले. हिमगौरी एकदाच मरते.

आणि त्या मरणापाशी चित्रपट थांबतो. ॲनिमेशनमध्ये थांबणे धोक्याचे असते. हालचाल सरली की पात्राचे नुसते चित्र उरते. फ्रँक थॉमस यांनी हा प्रसंग रेखाटताना तो धोका पत्करला. बुटके जवळजवळ हलत नाहीत; अश्रू तेवढे ओघळतात.

या कापणीत काही गमावलेही आहे. ग्रिमची राणी तापलेल्या लोखंडी जोड्यांत मरेपर्यंत नाचवली जाते, तीही हिमगौरीच्याच लग्नात. चित्रपटात वीज पडते, कडा कोसळतो; शिक्षेचा डाग कोणाच्याच हाताला लागत नाही. मूळ कथेचा कठोर न्याय पत्करणाऱ्या आम्हांला ही सोडवणूक फार सोयीची वाटली. पण हा आक्षेप सुचला तो घरी परतल्यावर. पडद्यावर ग्रम्पी, त्या मुलीवर सतत खेकसणारा बुटका, तोंड फिरवून हुंदके देऊ लागला, तेव्हा आम्हांला ग्रिम आठवलेही नव्हते.