आम्ल प्रत्यावर्तन आणि श्वसनमार्ग

जठरातील आम्ल व पाचकरस उलट दिशेने अन्ननलिकेत येण्याच्या क्रियेस आम्ल प्रत्यावर्तन किंवा ॲसिड रिफ्लक्स असे म्हणतात. छातीत जळजळ होणे, घशाशी येणे आणि आंबट ढेकर ही त्याची सर्वपरिचित लक्षणे होत. तथापि या विकाराचे परिणाम अन्ननलिकेपुरते मर्यादित राहत नाहीत. दीर्घकालीन खोकला, आवाज बसणे, रात्री धाप लागणे आणि दम्याचा जोर वाढणे यांमागेही काही रुग्णांत हेच कारण असते. अशा वेळी छातीत जळजळ मुळीच जाणवत नाही, असेही घडते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या माँट्रियल व्याख्येत खोकला, स्वरयंत्रदाह, दमा आणि दातांची झीज यांचा प्रत्यावर्तनाशी असलेला संबंध मान्य करण्यात आला.

नाव आणि लोकभाषा

मराठीत या तक्रारीस ‘पित्त’, ‘आम्लपित्त’ किंवा ‘ॲसिडिटी’ म्हणतात. ‘पित्त’ हा शब्द मात्र अनेकार्थी आहे. ‘पित्त उठणे’ म्हणजे अंगावर गांधी येणे, ‘पित्ताने डोके दुखणे’ ही वेगळीच तक्रार, आणि वैद्यकाच्या परिभाषेत पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा रस. त्यामुळे ‘पित्त झाले आहे’ एवढ्या वर्णनावरून विकाराचे निदान होऊ शकत नाही.

आयुर्वेदीय ग्रंथांत अन्नमार्ग आणि श्वास यांचा संबंध जोडलेला आढळतो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात हिक्का व श्वास या विकारांचा उगम पित्तस्थानात सांगितला आहे. माधवनिदानात अम्लपित्ताचे स्वतंत्र वर्णन असून त्याचे ऊर्ध्वग आणि अधोग असे दोन प्रकार केले आहेत. या संकल्पना आणि आधुनिक शरीरक्रियाशास्त्र यांची चौकट भिन्न असल्याने त्यांना एकमेकींचे तंतोतंत पर्याय मानता येत नाही.

कार्यपद्धती

अन्ननलिका सुमारे २५ सेंमी लांब असते. तिच्या खालच्या टोकाचा वर्तुळाकार स्नायू झडपेप्रमाणे काम करतो आणि श्वासपटल त्यास बाहेरून आधार देते. हा स्नायू अवेळी सैल पडल्यास, अथवा जठराचा काही भाग श्वासपटलातून वर सरकल्यास, आम्ल वर येते. त्याचा श्वसनमार्गावर दोन प्रकारे परिणाम होतो.

पहिला प्रकार प्रत्यक्ष संपर्काचा आहे. आम्लाचे व पेप्सिन या पाचकद्रव्याचे सूक्ष्म थेंब घशापर्यंत पोहोचतात आणि स्वरयंत्रात किंवा श्वासनलिकेत उतरतात. स्वरयंत्राच्या अस्तराला अन्ननलिकेइतके संरक्षण नसल्याने अल्प मात्रेनेही तेथे दाह होतो. कधी स्वरतंतू एकाएकी आवळले जाऊन काही क्षण श्वास कोंडतो.

दुसरा प्रकार प्रतिक्षिप्त क्रियेचा आहे. गर्भावस्थेत अन्ननलिका आणि श्वासनलिका एकाच नळीपासून तयार होतात आणि दोहोंना व्हेगस मज्जातंतूचा पुरवठा असतो. त्यामुळे आम्ल अन्ननलिकेच्या खालच्या भागातच राहिले, तरी त्या उत्तेजनाने श्वासनलिका आकुंचन पावू शकतात किंवा खोकल्याची उबळ येते.

हा संबंध उलट दिशेनेही चालतो. दम्याच्या झटक्यात छातीतील व पोटातील दाबांचा फरक वाढतो, तर थिओफायलिनसारखी काही औषधे झडप सैल करतात. परिणामी दम्यामुळेही प्रत्यावर्तन वाढते.

लक्षणे

आठ आठवड्यांहून अधिक टिकणारा कोरडा खोकला, सकाळी आवाज घोगरा असणे, वारंवार घसा खाकरावा लागणे, घशात गोळा अडकल्यासारखे वाटणे आणि जेवणानंतर किंवा आडवे झाल्यावर घरघर वाढणे ही सूचक लक्षणे होत. ही लक्षणे ॲलर्जी, सर्दी, तंबाखू आणि धूळ यांमुळेही उद्भवतात. भारतात दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास प्रथम क्षयरोगाची तपासणी करणे आवश्यक मानले जाते.

जोतिबा यात्रेचा संदर्भ

कोल्हापूर जिल्ह्याच्या पन्हाळा तालुक्यातील वाडी रत्नागिरी येथील जोतिबा देवस्थान समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१०० फूट उंचीच्या डोंगरावर आहे. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत उंच सासनकाठ्या नाचवल्या जातात, ‘चांगभलं’चा गजर होतो आणि गुलाल-खोबऱ्याची उधळण होते. चैत्राचे ऊन, चढण, गर्दी, गुलालाची बारीक धूळ, रात्रीचा प्रवास आणि उपवासानंतरचे भरपेट जेवण हे सारे एकाच दिवशी घडते. त्यामुळे अशा ठिकाणी लागणारी धाप एकाच कारणाची असेल असे गृहीत धरता येत नाही.

कारणांतील फरक ओळखण्यास वेळ आणि परिस्थिती यांची मदत होते. गुलालात शिरताच सुरू झालेला व मोकळ्या हवेत कमी होणारा खोकला धुळीकडे निर्देश करतो. दम्याच्या रुग्णास मात्र हीच धूळ झटका आणू शकते. तेलकट किंवा भरपेट जेवणानंतर वाकल्यावर वा आडवे झाल्यावर वाढणारा त्रास प्रत्यावर्तनाचा असण्याची शक्यता असते. स्निग्ध पदार्थांमुळे जठर रिकामे होण्यास वेळ लागतो. चढताना सुरू होऊन थांबल्यावर ओसरणारी छातीतील जळजळ, दडपण किंवा धाप मात्र हृदयविकाराची असू शकते. जबड्यात, खांद्यात किंवा हातात कळ जाणे व दरदरून घाम येणे हीदेखील त्याची लक्षणे आहेत. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात हृदयविकाराची लक्षणे अनेकदा ‘पित्ता’सारखीच भासतात. अशा वेळी सोडा किंवा पित्ताची गोळी घेऊन चढण चालू ठेवणे जिवावर बेतू शकते. रुग्णाने जागीच थांबून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावणे आणि विद्युत हृदयालेख म्हणजेच ईसीजी काढणे आवश्यक ठरते. दम्याच्या रुग्णाने यात्रेत श्वासपंप जवळ बाळगणे आणि नाकातोंडावर रुमाल बांधणे हितावह असते.

निदान

स्वरयंत्राची दुर्बिणीतून तपासणी, अन्ननलिकेची एंडोस्कोपी आणि फुप्फुसांची कार्यक्षमता चाचणी यांचा उपयोग होतो. अन्ननलिकेत बारीक नळी ठेवून २४ तास आम्लता मोजण्याची चाचणी अधिक निर्णायक असते. एकूण वेळेच्या ६ टक्क्यांहून अधिक काळ आम्लतांक ४ पेक्षा कमी राहिल्यास प्रत्यावर्तन निश्चित मानतात. ४ टक्क्यांहून कमी काळ तसे आढळल्यास निष्कर्ष सामान्य समजतात.

उपचार

झोपण्यापूर्वी किमान दोन-तीन तास जेवण आटोपणे, वजन घटवणे, तंबाखू व मद्य सोडणे आणि डाव्या कुशीवर झोपणे हे प्राथमिक उपाय आहेत. खाटेच्या डोक्याकडील पायांखाली विटा ठेवून ती बाजू १५ ते २० सेंमी उंच करणे उशा वाढवण्यापेक्षा अधिक उपयुक्त ठरते. केवळ उशांमुळे शरीर कमरेत वाकून पोटावरील दाब वाढतो.

ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांसारखी औषधे जेवणापूर्वी अर्धा तास घ्यावयाची असतात. ती आम्लाची निर्मिती घटवतात, पण प्रवाह थांबवत नाहीत. त्यामुळे आम्लरहित द्रव वर येणे चालूच राहू शकते. निवडक रुग्णांत जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळण्याची शस्त्रक्रिया करतात. ती रुडॉल्फ निसेन यांनी १९५६ साली प्रसिद्ध केली.

संशोधन आणि मतभेद

विल्यम ऑस्लर यांनी १८९२ च्या आपल्या वैद्यकग्रंथात भरलेल्या पोटामुळे दम्याचा झटका येऊ शकतो, असे नोंदवले होते. १९४६ साली कर्टिस मेंडेलसन यांनी प्रसूतीच्या वेळी भूल दिलेल्या स्त्रियांत जठरातील द्रव फुप्फुसात गेल्याने होणाऱ्या हानीचे वर्णन केले. शस्त्रक्रियेपूर्वी उपाशी ठेवण्याच्या प्रथेस त्यामुळे बळ मिळाले.

तरीही प्रत्येक दम्याचे मूळ पोटात शोधणे योग्य नाही. २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, प्रत्यावर्तनाची लक्षणे नसलेल्या किंवा अत्यल्प असलेल्या ४१२ दमेकऱ्यांना २४ आठवडे आम्लरोधक औषध किंवा निष्प्रभ गोळी देण्यात आली. दम्याच्या नियंत्रणात फरक आढळला नाही. घशाच्या चिवट तक्रारींबाबत २०२१ च्या ब्रिटिश चाचणीचा निष्कर्षही असाच होता. त्यामुळे प्रत्यावर्तनाची स्पष्ट लक्षणे किंवा चाचणीचा पुरावा असलेल्या रुग्णांतच हे उपचार करावेत आणि दम्याची मूळ औषधे बंद करू नयेत, असे तज्ज्ञांचे सर्वसाधारण मत आहे.