संगणकाच्या पडद्यावरून तापीकाठची हवाई मुशाफिरी

विमान उडविण्याचा परवाना नसतानाही जळगावच्या विमानतळावरून निघून अर्ध्या तासात धुळ्याजवळच्या गोंदूर धावपट्टीवर उतरता येते. अर्थात, हे उड्डाण संगणकाच्या पडद्यावरचे. 'फ्लाइट सिम्युलेशन' या छंदात मोठी जेट विमाने घेऊन ढगांच्या वर जाणारे असतात, तसेच छोटे विमान कमी उंचीवरून नेत, खालची नदी, रस्ता, डोंगर ओळखत दूरवर जाणारेही असतात. हा दुसरा प्रकार संथ, पण अधिक रंगतदार होय.

या पद्धतीस 'व्हिज्युअल फ्लाइट रूल्स', संक्षेपाने व्हीएफआर, असे म्हणतात. ढगांपासून दूर राहायचे आणि डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांवरून वाट काढायची. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपाल आणले ते याच रीतीने; त्यांच्या 'पुस मॉथ' विमानात मार्ग दाखविणारी रेडिओ यंत्रणा नव्हती.

मायक्रोसॉफ्टचा पहिला 'फ्लाइट सिम्युलेटर' १९८२ मध्ये आला, तेव्हा पडद्यावरची जमीन म्हणजे काही रेघा होत्या. २०२० च्या आवृत्तीने उपग्रह व हवाई छायाचित्रांवरून अवघी पृथ्वी उभी केली आणि खानदेशही त्यात आपोआप आला. २००१ मध्ये सुरू झालेल्या 'व्हॅटसिम' या विनामूल्य जाळ्याशी संगणक जोडला की जगभरचे हौशी वैमानिक त्याच आकाशात भेटतात. नियंत्रकाचे काम स्वयंसेवक करतात. नियंत्रक नसेल तेथे १२२.८ या फ्रिक्वेन्सीवर आपला ठावठिकाणा आपणच सांगायचा असतो.

सुरुवात घराजवळून केलेली बरी. जळगाव ते धुळे हे हवाई अंतर सुमारे ९० किलोमीटर, दिशा जवळपास सरळ पश्चिम. 'सेसना १७२' विमानाने निघताच बांभोरीजवळ गिरणा ओलांडली जाते. पुढे महामार्गाला धरून एरंडोल आणि पारोळा. मात्र उत्तरेकडून ताशी २० नॉट वेगाचा वारा असेल आणि विमानाचे नाक वाऱ्याकडे वळविले नाही, तर अर्ध्या तासात विमान १८ किलोमीटर दक्षिणेस ढकलले जाते. धुळे शोधणाऱ्याला अशा वेळी लळिंगचा किल्ला उपयोगी पडतो. तो डाव्या हाताला असला पाहिजे. उजवीकडे दिसला, तर चूक झाली.

हात बसला की तापीची लांब सहल काढावी. मुलताईला उगम पावून सुरतेजवळ समुद्रास मिळणारी ही नदी ७२४ किलोमीटर लांब आहे. तिची वळणे धरून उडायचे तर साडेतीन-चार तास लागतात, म्हणून दोन-तीन संध्याकाळी वाटून घेणे उत्तम. बऱ्हाणपूरनंतर दरी रुंदावते, चांगदेवला पूर्णा येऊन मिळते, मग हतनूरचे धरण. उजवीकडे सातपुड्याची भिंत, तिच्या पायथ्याशी रावेर-यावलच्या केळीबागांचा गर्द पट्टा. हाच टप्पा सर्वांत देखणा! मुडावदजवळ पांझरा मिळते. प्रकाशा मागे पडल्यावर पुढे उकाईचा विस्तीर्ण जलाशय लागतो. एवढा मोठा जलाशय चुकणे कठीण, त्यामुळे दमलेल्या वैमानिकाला तो हायसे वाटायला लावतो.

पडद्यावरची नदी मात्र छायाचित्रातली असते. श्रावणातल्या पुराने ती फुगत नाही. प्रत्यक्षातले हवामान लावल्यास पावसाळी ढग मात्र खाली येतात आणि सातपुडा दिसेनासा होतो. अशा वेळी परत फिरणे हाच व्हीएफआरचा नियम. एक कळ दाबून आकाश निरभ्र करता येते, पण तसे करणाऱ्याने निम्मी गंमत घालविली असे समजावे. हेच आकाश प्रत्यक्षात किती कठोर असते, हे खानदेशाला ठाऊक आहे. १६ जुलै २०२१ रोजी चोपडा तालुक्यात वर्डी परिसरात प्रशिक्षण विमान कोसळून प्रशिक्षकाचा मृत्यू झाला होता. घरच्या संगणकावरचे तास व्यावसायिक परवान्यासाठी लागणाऱ्या २०० तासांत एका मिनिटाचीही भर घालत नाहीत. नकाशा वाचणे, वाऱ्याचा हिशेब, इंधनाची नोंद आणि रेडिओवरची भाषा यांची सवय तेवढी लागते.

सहलीचा शेवट सुरत विमानतळावर करता येतो. तापीचे मुख तेथून जवळच आहे. तेथे मोठी प्रवासी विमानेही उतरत असल्याने, दहा मैल आधीच रेडिओवर आपले आगमन कळवावे आणि जेटला आधी वाट द्यावी.