वाई (‘कृष्णाकाठचे ते गाव’ या उल्लेखावरील टीप)

१. हे गाव म्हणजे सातारा जिल्ह्यातील वाई. १६५९ मध्ये प्रतापगडाकडे निघण्यापूर्वी अफझलखानाची छावणी येथेच होती. आजचे घाट आणि देवळे मात्र बहुतांशी पेशवाईतली, रास्ते घराण्याच्या औदार्यातून उभी राहिलेली. गणपतराव रास्ते यांनी १७६२ साली बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत अवश्य पाहावी. माशाच्या आकाराची ही निमुळती भिंत पुराचे पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी वाटेला लावते. बांधणाऱ्याला कृष्णेचा स्वभाव पुरता ठाऊक होता. थंडी सरू लागली की एकेका घाटावर आळीपाळीने कृष्णाबाईचा उत्सव बसतो.

वाईला नुसते सनातनी क्षेत्र समजणे हा तिच्यावर अन्याय आहे. नारायणशास्त्री मराठे यांच्या प्राज्ञपाठशाळेतून घडलेल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी अस्पृश्यतेविरुद्ध शास्त्राधार मांडले आणि १९३३ मध्ये देवदास गांधी व लक्ष्मी यांच्या आंतरजातीय विवाहाचे पौरोहित्य केले. पुढे त्यांच्याच संपादनाखाली मराठी विश्वकोशाचे काम येथे उभे राहिले. पुण्यामुंबईपासून दूर, एका तालुक्याच्या गावी ज्ञानाचा एवढा मोठा प्रकल्प चालला, याचे मोल आपण अजून पुरते ओळखलेले नाही.

लेखकाच्या पत्रांत पुढे येणारी मेणवली ही जवळचीच, नाना फडणवीसांच्या वाड्याची. तेथील घाटावरची मोठी घंटा पोर्तुगीज चर्चमधली असून तिच्यावर १७०७ हे साल आहे.