एका कारकुनाच्या थडग्यांतील ऋतुचर्या

ऋतुमानाप्रमाणें आहारविहार बदलावा, हा उपदेश आपल्याकडे इतका घरोघरचा आहे कीं, तो मुळांत कोणासाठीं लिहिला गेला असेल, हा प्रश्नच आपणांस सुचत नाहीं. चीन देशापुरतें या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास मात्र एक विलक्षण साधन उपलब्ध झालें आहे. १९८३-८४ च्या हिवाळ्यांत हुबेई प्रांतांतील जांगज्याशान येथें एका थडग्यांत बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेले अनेक ग्रंथ सांपडले. थडगें इ. स. पू. १८६ च्या सुमाराचें. त्यांत पुरलेला गृहस्थ राजा नव्हे, सरदारहि नव्हे. हान राजवटीच्या आरंभींचा एक किरकोळ सरकारी नोकर. कायद्यांचा संग्रह, गणिताचें पुस्तक, वैद्यकाचें पुस्तक, असा त्याचा ग्रंथसंग्रह त्याजबरोबर पुरलेला होता. सोबत एक पंचांगवजा टांचणहि होतें. त्यावरून हा मनुष्य इ. स. पू. १९४ मध्यें आजारामुळें नोकरींतून मुक्त झाला, असें दिसतें.

या आजारी कारकुनाजवळ 'यिन्-शू' नांवाचा एक छोटा ग्रंथ होता. अंगाला ताण देण्याचे व्यायाम हा त्याचा विषय. पण आरंभ होतो तो ऋतूंनीं. वसंतांत जन्म, ग्रीष्मांत वाढ, शरदांत संग्रह, हिवाळ्यांत सांठवण. बीं पेरण्यापासून धान्य कणगींत भरण्यापर्यंतचा शेतकऱ्याचा वर्षक्रमच येथें शरीराला लाविला आहे. त्यापुढील नियम अगदीं घरगुती आहेत. वसंतांत लवकर उठून तोंड धुवावें, दांत स्वच्छ करावे, केस मोकळे सोडून अंगणांत फिरावें, पेलाभर पाणी प्यावें. उन्हाळ्यांत उशिरां उठूं नये, भाजीपाला पुष्कळ खावा. थंडींत हात गार पण पाय उबदार असावे, आणि उठावें मात्र उशिरां.

चिनी वैद्यकाचा आद्यग्रंथ 'हुआंगदी नेइजिंग' याच्या 'सू-वेन' भागांत दुसरा अध्याय याच विषयाचा आहे. हान काळीं संकलित झालेला हा भाग आज आपणांस मिळतो तो वांग बिंग यानें इ. स. ७६२ मध्यें सिद्ध केलेल्या पाठाच्या परंपरेंतून. अंगणांतील फेरफटका व मोकळे केस येथेंहि आहेत; पाण्याचा पेला आणि भाजीपाला मात्र नाहीं. त्यांच्या जागीं चित्तवृत्तीचे नियम आले आहेत. वसंतांत जगूं द्यावें, मारूं नये. बक्षीस द्यावें, शिक्षा करूं नये. हें सामान्य संसारी माणसास सांगून काय उपयोग? ज्याच्या हातीं शिक्षा आहे त्यालाच तें लागू. हिवाळ्यांत सूर्य वर येईपर्यंत निजून राहावें, हेंहि ज्याला कोणी उठवीत नाहीं त्यालाच साधणारें!

आपण हंसण्याचें कारण नाहीं. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदयां'त हेमंतासाठीं केशर-कस्तुरीचा लेप आणि अगुरूचा धूप सांगितला आहे. माझ्या आजीनें कस्तुरी डोळ्यांनीं पाहिली नव्हती; तिची हेमंतचर्या बाजरीच्या भाकरींत आणि तिळगुळांत आटोपत असे.

म्हणूनच 'यिन्-शू'च्या शेवटाकडील एक उतारा मला सबंध चिनी ऋतुचर्येंत मोलाचा वाटतो. थोर लोक आजारी पडतात तें हर्ष व क्रोध यांचा मेळ न राहिल्यामुळें, असें म्हणून ग्रंथकार थांबत नाहीं. हलके लोकहि आजारी पडतात, आणि त्याचीं कारणें तो निराळीं देतो: श्रमाचा थकवा, भूक, तहान; घामानें निथळत असतां पाण्यांत उतरणें; थंड, उघड्या जागीं निजणें. त्यावर तो उपाय सुचवितो तो श्वास सोडण्याच्या एका रीतीचा. भुकेला हा उपाय कितपत लागू पडणार, हें सांगणें नको. तरीपण भूक हें रोगाचें कारण म्हणून त्यानें लिहून ठेविलें, आणि त्या कारकुनानें तें जपलें. त्याच थडग्यांतील कायद्यांच्या पट्ट्यांत वेठबिगारीचे नियमहि आहेत.