सालाऊनचा झरा

फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या वायव्य टोकाला, फिनिस्तेर जिल्ह्यात, ल फोल्गोएत नावाचं लहानसं गाव आहे. भोवती शेतं आणि मधोमध गावाच्या मानाने अवाढव्य दगडी चर्च. हे वैभव ब्रिटनीच्या ड्यूकांचं, असं सांगितलं जातं. मला ते पटत नाही. ही जागा सालाऊनची आहे.

चौदाव्या शतकात लेस्नेवेनजवळच्या रानात, एका झऱ्याकाठच्या झाडाखाली तो राहायचा. लोक त्याला रानातला वेडा म्हणत. गावाचं नावही त्यावरूनच पडलं. दारोदार पाव मागायचा आणि तो झऱ्याच्या पाण्यात भिजवून खायचा. थंडीत गळ्यापर्यंत पाण्यात उतरायचा, मग फांदीला लोंबकळून झोके घ्यायचा. तोंडात सतत ‘आवे मारिया’, म्हणजे येशूची आई मारियेला वंदन. तेव्हा ब्रिटनीच्या गादीसाठी ब्ल्वा आणि मोंफोर या दोन घराण्यांत युद्ध चालू होतं. सैनिकांनी त्याला हटकलं, तू ब्ल्वाचा की मोंफोरचा? कुणाचाच नाही, मी मारियेचा, असं त्याने सांगितलं म्हणतात. आख्यायिका असेल. पण 1341 ते 1364 अशी 23 वर्षं सैन्यांच्या टाचेखाली काढलेल्या मुलखाने नेमकं हेच उत्तर जपून ठेवलं, यात मला रयतेचं मन दिसतं.

1358च्या सुमारास तो गेला. त्याला पुरलं तिथे लिलीचं रोप आलं, पाकळ्यांवर सोनेरी अक्षरांत ‘आवे मारिया’ हेच दोन शब्द. खणून पाहिलं तर मूळ त्याच्या मुखातून निघालेलं, अशी कथा आहे. यात्रेकरूंची रीघ लागली. पुढे 1364मध्ये ओरेची लढाई जिंकून मोंफोर घराण्याचा चौथा जाँ ड्यूक झाला. सालाऊनच्या झऱ्याशी चर्च बांधण्याचा नवस त्याचा. तो फेडला त्याच्या मुलाने, पाचव्या जाँने. 1419मध्ये चर्चचा अभिषेक झाला. ज्याने दोन्ही पक्ष झिडकारले त्याच्याच झऱ्यावर जिंकलेल्या पक्षाने आपली मोहोर उमटवली, असंच मी याकडे पाहते.

कारागिरांना मात्र मनापासून दाद द्यायला हवी. त्यांनी झरा बुजवला नाही. मुख्य वेदीखाली उगम पावणारं पाणी भिंतीखालून बाहेर काढलं आणि पूर्वेच्या भिंतीला लागून कुंड बांधलं. वर टोकदार कमान, कोनाड्यात मारिया. दगड केरसाँतों, ब्रेस्टच्या खाडीकाठचा, गडद करड्या रंगाचा. खाणीतून काढल्यावर तो मऊ असतो, नंतर कठीण होत जातो. म्हणूनच आतली दगडी जाळी लेस विणल्यासारखी नाजूक असूनही शतकानुशतकं टिकली आहे.

1505मध्ये फ्रान्सची राणी आन इथे यात्रेला आली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात चर्च सरकारजमा होऊन विकलं गेलं, मूर्ती फोडल्या गेल्या. ते वाचवलं कुणी? 1810 साली आसपासच्या 12 शेतकऱ्यांनी मिळून ते विकत घेतलं, आणि स्वतःसाठी न ठेवता गावाच्या हवाली केलं. माझ्या लेखी या 12 जणांचा मान ड्यूकांच्या वर आहे.

सप्टेंबरच्या सुरुवातीला इथे ‘पार्दों’ म्हणजे मोठी जत्रा भरते, भरतकामाची निशाणं घेऊन मिरवणूक निघते. तेव्हा जा किंवा एरवी जा, पण मुख्य दारातून आत शिरण्याआधी चर्चला वळसा घाला. पूर्वेच्या भिंतीशी जाऊन आधी त्या कुंडाला हात जोडा, मग ड्यूकांचं बांधकाम बघा.