नाणेघाट : रांजण आणि २४,४००

पावसाळा सुरू झाला की ऑफिसातल्या निम्म्या मेल्सचा विषय एकच, "या वीकेंडला कुठे?" त्या यादीत नाणेघाट हमखास असतो. कल्याण-माळशेज रस्त्यावर वैशाखऱ्याजवळ उतरायचं, जंगलातून दोन-तीन तास चढायचं, नाण्याच्या अंगठ्यावर बसून खालचं कोकण बघायचं, आणि दुसऱ्या दिवशी पायांत दम असेल तर समोरचा जीवधन. झक्कास बेत! फक्त घाटाच्या तोंडाशी असलेली गुहा आपण पाच मिनिटांत उरकतो.

ही वाट म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक्सप्रेसवे. सोपारा, कल्याण या बंदरांवरचा माल इथून जुन्नरला आणि पुढे पैठणकडे जायचा. जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी हे किल्ले याच वाटेच्या आसपास आहेत, ते काही उगाच नाही.

वर पोचल्यावर एक दगडी रांजण दिसतो. जकातीची नाणी यात टाकायचे म्हणे. गोष्ट मस्त आहे, त्यामुळे फोटो सगळे त्याचेच काढतात. पण मंडळी, पैशांचा खरा लेखी हिशेब गुहेच्या भिंतींवर आहे! ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा, आणि काळ साधारण इ.स.पूर्व पहिलं शतक. सातवाहनांची राणी नागनिका हिचा हा लेख मानला जातो. अश्वमेध, राजसूय वगैरे यज्ञ आणि त्यात दिलेल्या दक्षिणेची ही यादी आहे. गाई किती, हत्ती-घोडे किती, कार्षापण किती, सगळं आकड्यांत. जकातीचा मात्र यात उल्लेख नाही.

आता आपल्या धंद्यातली गंमत. या आकड्यांत शून्य नाही आणि स्थानिक किंमतही नाही. शंभराला वेगळं चिन्ह, हजाराला वेगळं. शंभराच्या चिन्हाला चारचं चिन्ह जोडलं की ४००, हजाराच्या चिन्हाला जोडलं की ४०००. लेखातली २४,४०० ही संख्या तीनच चिन्हांत लिहिलीय : २०,०००, ४००० आणि ४००. आपल्याला पाच अंक लागतात! भारतात सापडलेल्या सर्वात जुन्या आकड्यांमध्ये यांची गणना होते. १८२८ साली साइक्स नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने हा लेख पाहिला; पुढे १८७० च्या दशकात भगवानलाल इंद्रजी यांनी हे आकडे उलगडले.

समोरच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या. सिमुक, सातकर्णी, नागनिका अशी नावं वर कोरलेली आहेत. मूर्ती गेल्या, उरल्यात त्या पावलांच्या खुणा.

लेखाचंही तेच होऊ शकतं. बरीच अक्षरं आधीच झिजली आहेत. कित्येक वर्षं ट्रेकर्स याच गुहेत मुक्काम करत आले, चुली पेटल्या, भिंतींवर नावं खरडली गेली. फोटोत उठून दिसावं म्हणून अक्षरांत खडू भरणं किंवा त्यांवर पाणी मारणं हेही नुकसानच. त्यापेक्षा टॉर्च भिंतीलगत तिरपा धरा, अक्षरं आपोआप उठून दिसतात.

तेव्हा पुढच्या वेळी रांजणाचा फोटो जरूर काढा, पण अर्धा तास गुहेसाठी राखून ठेवा. ते आकडे पुन्हा कोरायला कुणी येणार नाहीये, आणि याचा बॅकअपही नाही.