कंपवातातील डोपामीनक्षय आणि मेंदूचे चित्रण

नवापूरच्या परिसरातील कुंपणांवर व झुडपांवर चढणारी खाजकुहिली गुराख्यांना माहीत असते ती तिच्या शेंगांवरील दाहक कुसांमुळे. तिच्या बियांत लेव्होडोपा हे द्रव्य आहे, असे मद्रास येथील दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ मध्ये दाखविले. त्या द्रव्याचा कंपवाताशी असलेला संबंध मात्र उलगडला तो वीस वर्षांनी, आणि तोही दुसऱ्या एका भारतीय वनस्पतीच्या, सर्पगंधेच्या, मार्गाने. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील तिच्या गुणाचा वृत्तांत १९४९ मध्ये प्रसिद्ध केला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्या मुळांतून रेसर्पीन वेगळे काढण्यात आले. हे औषध घेणाऱ्या काही रुग्णांत कंपवातासारखी ताठरता दिसू लागली. १९५७ मध्ये स्वीडनमधील कार्लसन यांनी रेसर्पिनाने निश्चल झालेल्या सशांना डोपा टोचले, तेव्हा ते थोड्याच वेळात हालचाल करू लागले. १९६० मध्ये व्हिएन्ना येथे एरिंगर व हॉर्निकीविच यांनी कंपवाताने मृत झालेल्यांच्या मेंदूंत डोपामीन अत्यल्प उरल्याचे सिद्ध केले.

परंतु शवविच्छेदनाने रोगाचा शेवट कळतो, आरंभ कळत नाही. क्ष-किरणांना तर हा क्षय मुळीच दिसत नाही. तो रचनेतील नव्हे, रसायनातील आहे. ही अडचण १९८३ मध्ये दूर झाली. कॅनडातील हॅमिल्टन येथे गार्नेट, फिरनाउ व नाहमियास यांनी किरणोत्सर्गी फ्लोरीन जोडलेला डोपा शिरेवाटे देऊन जिवंत माणसाच्या मेंदूतील डोपामिनाचे स्थान पॉझिट्रॉन चित्रणाने टिपले. पुढील काळातील चित्रांवरून असे दिसून आले की, क्षय सर्वत्र सारखा नसतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या पुटामेन या केंद्राचा मागील भाग आधी निस्तेज होतो, आणि तोही कंप सुटलेल्या हाताच्या विरुद्ध बाजूस. निरोगी चित्रातील स्वल्पविरामासारखी आकृती शेपूट गळून पूर्णविरामासारखी होते. ज्यांचा एकच हात थरथरतो, अशांच्या दुसऱ्या बाजूच्या केंद्रातही घट आढळते. याचा अर्थ हा की, रुग्ण पहिल्यांदा वैद्याकडे जातो त्याच्या कितीतरी आधी रोग सुरू झालेला असतो.

फ्लोरीन-१८ चे अर्धायुष्य अवघे ११० मिनिटांचे. त्यामुळे सायक्लोट्रॉन जवळ हवा. मुंबईच्या परळ भागातील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये अशी सोय २००२ मध्ये झाली. भारतासारख्या देशाला अधिक उपयोगी ठरला तो पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात कुंग व सहकाऱ्यांनी सिद्ध केलेला ट्रोडॅट. तो डोपामीन पेशीत परत ओढून घेणाऱ्या प्रथिनाला चिकटतो. त्यातील टेक्नेशियमचे अर्धायुष्य सहा तासांचे असून ते लहानशा जनित्रातून मिळते, आणि साधा गॅमा कॅमेराही पुरतो.

येथे चित्राच्या अधिकाराची मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत (प्रसिद्धी २००४) लेव्होडोपा घेणाऱ्यांची प्रकृती सुधारली, पण त्यांच्या चित्रांत ऱ्हास अधिक दिसला. औषधाने पेशी मरतात की केवळ चित्रणातील प्रथिनाची वर्तणूक बदलते, हे त्या चित्रांवरून ठरेना. त्याच चाचणीत आरंभीच्या कंपवाताचे निदान झालेल्या १४२ जणांपैकी २१ जणांची चित्रे निर्दोष निघाली! शिवाय कौटुंबिक कंप व कंपवात यांतील भेद चित्र उत्तम दाखविते. परंतु कंपवात आणि त्याच्यासारखे दिसणारे इतर ऱ्हासजन्य विकार यांतील भेद त्याला सांगता येत नाही.

नवापूरचे रेल्वेस्थानक महाराष्ट्र व गुजरात यांच्या सीमारेषेवरच वसलेले आहे. मोठ्या उपचारांसाठी येथून सुरत जवळ, मुंबई दूर. चालताना एकच हात न हलणे, अक्षर बारीक होत जाणे, मनगट वळविताना जाणवणारी दातेरी ताठरता ही लक्षणे तपासणीच्या मेजावरच कळतात, आणि ती स्पष्ट असतील तर त्या रुग्णास केवळ चित्रासाठी इतका प्रवास घडविणे समर्थनीय नाही. ज्याचा कंप कोणत्या जातीचा हे अनुभवी वैद्यालाही ठरविता येत नाही, त्याच्यासाठी मात्र ही वाट आहे.